बॅरिस्टर अंतुले : एकोणीस महिने आणि पाच निकाल

सावित्रीकाठ

मी विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवते. गेल्या आठवड्यात 'नायक विरुद्ध अंतुले' शिकवताना वर्गाला विचारलं, हे अंतुले कोण? दोनच हात वर आले. एक मुलगा म्हणाला, "सिमेंटवाले." दुसरी मुलगी माणगावकडची, ती म्हणाली, "आमचे बॅरिस्टर." दोघांचंही बरोबर होतं. पण घरी येईपर्यंत मला चैन पडेना. ज्या माणसाच्या नावाने आपण निदान तीन तास शिकवतो, त्याच्याविषयी मुलांना दोन शब्दांपलीकडे काही माहीत नाही. म्हणून हा धागा.

माझं माहेर महाड तालुक्यात, सावित्रीच्या काठी. वडील माणगाव कोर्टात वकिली करत आणि शेकापचे कट्टर मतदार होते. अंतुल्यांना त्यांनी जन्मात मत दिलं नाही. पण म्हाप्रळकडे जाताना आंबेतचा पूल आला की म्हणायचे, "हा बॅरिस्टरचा पूल." नावाने कधी बोललेच नाहीत, कायम बॅरिस्टर. विरोधकाची पदवी इतक्या आदराने घेणारी ती पिढी होती.

अब्दुल रहमान अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा, गाव आंबेत, म्हसळा तालुका, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. शिक्षण मुंबईला आणि मग लंडनच्या लिंकन्स इनमध्ये. बॅरिस्टर होऊन आले आणि १९६२ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, आमदार झाले. पुढे मंत्री झाले, त्यात कायदा आणि न्याय खातंही होतं. १९७६ ला राज्यसभेवर गेले. १९७८ ला काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातले भले भले दुसऱ्या बाजूला गेले, हे इंदिराबाईंबरोबर राहिले. त्या निष्ठेचं फळ ९ जून १९८० ला मिळालं. मुख्यमंत्रिपद. राज्याचे आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. १२ जानेवारी १९८२ ला राजीनामा. जेमतेम एकोणीस महिने.

त्या एकोणीस महिन्यांतून सर्वोच्च न्यायालयाचे पाच निकाल निघाले : १९८२, १९८४, १९८५, १९८८ आणि १९९१. पाचही आज कायद्याच्या विद्यार्थ्याला वाचावेच लागतात. इतक्या थोड्या काळात कायद्याच्या पुस्तकांवर एवढा ठसा उमटवलेला दुसरा मुख्यमंत्री मला माहीत नाही.

माझं म्हणणं असं की हे योगायोगाने झालेलं नाही. वकील माणसाला सहीची ताकद कळते. कुठल्या कलमाखाली काय करता येतं, फाईल कुठे अडते आणि कुठे अडू शकत नाही, हे त्याला पाठ असतं. अंतुल्यांनी ती ताकद सगळ्या दिशांनी वापरली. कधी लोकांसाठी, कधी लोकांवर, आणि एकदा अशी की सही त्यांच्यावरच उलटली. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनी लिहावं. स्तुती-निंदेपेक्षा प्रसंग सांगा.

जालनेकर

मी मूळचा परतूरचा. आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आम्ही तिकडे गेलो. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. कुलाब्याचं रायगडही त्याच वर्षीचं.

पण आमच्या घरात अंतुले हे नाव जिल्ह्यामुळे नाही, खंडपीठामुळे घेतलं जातं. वडील खासगी शाळेत मास्तर होते, संस्थेने तडकाफडकी काढून टाकलं. १९८० ला मुंबईत रिट दाखल केली. परतूरहून मुंबई म्हणजे तेव्हा छोट्या रुळांची गाडी. मनमाडला उतरायचं, मोठ्या गाडीची वाट बघायची, सकाळी बोरीबंदर. आई भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. कोर्टात गेलं की पुकारा व्हायचा नाही, किंवा व्हायचा आणि पुढची तारीख. पगार बंद, त्यात हा खर्च. दोनदा गेले, तिसऱ्यांदा जायला पैसेच नव्हते.

२७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसलं. सकाळी निघून दिवेलागणीला माणूस घरी. वडिलांना नोकरी परत मिळाली तो दिवस मला आठवतो. पेढे वाटले नाहीत, घरात गूळ होता तोच वाटला.

काळा_कोट

जालनेकर, वाचून गलबललो. मी त्याच खंडपीठात वकिली करतो.

थोडी कायद्याची बाजू. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर नागपूरला खंडपीठ मिळालं, आम्हाला नाही. मागणी तेव्हापासूनची. राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमचं खंडपीठ मिळवायला वर्षं लागली असती. त्याच १९५६ च्या कायद्यात कलम ५१, पोटकलम ३ आहे. त्याखाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात. अंतुले सरकारने त्या वाटेचा आग्रह धरला, मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी अधिसूचना काढली. तिला आव्हान मिळालं, मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्दही केली. १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक' मध्ये ती वैध ठरवली. सावित्रीकाठ यांच्या पाचांतला हा पहिला. १९८४ ला खंडपीठ कायम झालं.

आणि ही जुनी गोष्ट नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला जे सर्किट बेंच सुरू झालं, ते याच पोटकलमाच्या आधाराने. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे वकील कित्येक वर्षं झगडत होते. औरंगाबादचा दाखला त्यांच्या पाठीशी नसता तर लढाई आणखी अवघड झाली असती.

मिठागर

खंडपीठाबद्दल आदर आहेच. पण सिमेंटला इथे एका शब्दात गुंडाळू नका, ही विनंती.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांना कळणार नाही सिमेंट म्हणजे काय चीज होती. कंट्रोलचा माल. भाव सरकारचा, वाटप सरकारचं. आमच्या वडिलांनी पेणजवळ दोन खोल्या काढल्या, १९८० ची गोष्ट. जोत्यापर्यंत काम आलं आणि थांबलं. परवाना मिळेना. तालुक्याच्या कचेरीत दर सोमवारी जायचे. बारा पोती मागितली होती, पावसाच्या तोंडावर चार मिळाली. त्या पावसाळ्यात आम्ही उघड्या भिंतींवर झावळ्या टाकून राहिलो. धाकटी बहीण तेव्हा सहा महिन्यांची होती.

आणि त्याच काळात मुंबईत बिल्डरांना मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातून सिमेंट मिळत होतं, आणि तेच बिल्डर मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासांना देणग्या देत होते. हे वर्तमानपत्रात आलं तेव्हा वडील नुसते बसून राहिले. माझ्यासाठी अंतुले म्हणजे वडिलांचा तो चेहरा आहे.

सावित्रीकाठ

मिठागर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. यातलं एक अक्षरही मला कमी करायचं नाही.

इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा त्यातला गाजलेला न्यास. साहित्यिक-कलावंतांना मदत हा सांगितलेला हेतू चांगलाच होता. अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस इंडियन एक्स्प्रेसमध्ये ते प्रकरण उघड केलं. मुंबई उच्च न्यायालयात याचिका आल्या आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला : सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे. त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला.

यात मला सगळ्यात जास्त काय सलतं सांगू? बाकी कुणी म्हणू शकतो, मला नियम ठाऊक नव्हते. कायदा खातं सांभाळलेल्या बॅरिस्टरला तसं म्हणायची सोय नाही. देणगीची पावती आणि परवान्याची प्रत शेजारी ठेवली तर न्यायाधीशाला काय दिसेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

टेकाड

एक भर. अंतुले गेल्यानंतर सहा-सात आठवड्यांत, फेब्रुवारी १९८२ च्या शेवटी, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. टंचाई आणि परवाना नसता तर कोटा विकायला काही उरलंच नसतं. व्यक्तीचा दोष आहेच, पण ती व्यवस्था कुणाच्याही हाती गेली असती तरी नासलीच असती.

मिठागर

टेकाड, मान्य. पण ती व्यवस्था असतानाही सगळ्यांनी देणग्या घेतल्या नाहीत.

वडाळा_नाका

मी बरीच वर्षं मुंबईत वस्त्यांमध्ये काम केलं आहे. पाचांतला तिसरा निकाल आमचा आहे, म्हणून लिहिते.

१३ जुलै १९८१. ऐन पावसाळा. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवून देणार. महापालिका आणि पोलीस कामाला लागले. झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये बसवली. त्यात तमिळनाडूतल्या सालेमचा एक भूमिहीन मजूर होता. १९६१ पासून मुंबईत. त्यालाही कुटुंबासकट सालेमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या आणि तो पुन्हा मुंबईला आला, कारण काम इथेच होतं. परत फुटपाथवर. त्याची हकीकत निकालपत्रात आहे.

पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांच्या संघटना आणि फुटपाथवरची माणसं न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. उपजीविका काढून घेतली तर जीव काढून घेतल्यासारखंच आहे. हे वाक्य पुढे देशभर फेरीवाल्यांनी, धरणग्रस्तांनी, झोपडीवाल्यांनी वापरलं.

पण खरं ते सांगते, त्या लोकांच्या झोपड्या त्या निकालाने वाचल्या नाहीत. रीतसर नोटीस देऊन हटवायला न्यायालयाने परवानगी दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले, ३१ ऑक्टोबरपर्यंत. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या, असंही सांगितलं. तत्त्व मोठं मिळालं, छप्पर गेलंच. माझ्या ओळखीच्या एक आजी शेवटपर्यंत विचारायच्या, "केस जिंकलो म्हणता, मग खोली कुठाय?" मला त्यांना उत्तर देता आलं नाही.

सावित्रीकाठ

त्या आजींचा प्रश्न मी पुढच्या तासाला वर्गात विचारणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरते.

कोकणातल्या खेड्यातून आलेल्या, पोटासाठी मुंबई गाठणाऱ्यांच्या मुलखातल्या माणसाने असा निर्णय कसा घेतला, हे मला कधीही उमगलेलं नाही. आमच्या महाड-म्हसळ्यात घर नाही असं एक, ज्यातला कुणी मुंबईच्या चाळीत पथारी टाकून राहिलेला नाही.

पागोळी

इतकं मोठं लिहिता येत नाही, पण सांगते.

माझी आत्या विसाव्या वर्षी विधवा झाली. मूल नाही, सासरच्यांनी जमिनीत हिस्सा दिला नाही. आमच्याकडे माळशिरस तालुक्यात राहायची, दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची. संजय गांधी निराधार योजना १९८० ला, अंतुल्यांच्या काळात, निघाली आणि तलाठी भाऊसाहेबांनी तिचं नाव घातलं. गावात सगळे त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात, आजही. रक्कम अगदी किरकोळ. पण आत्या दर महिन्याला त्यातून माझ्या आईच्या हातावर काहीतरी ठेवायची आणि म्हणायची, "वहिनी, मी फुकट खात नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर काही येत होतं. शेवटपर्यंत येत राहिलं. योजना कुणी काढली हे तिला माहीत नव्हतं. मलाही हा धागा वाचेपर्यंत नव्हतं.

खडा_सवाल

सगळं वाचलं. माझा प्रश्न सरळ आहे. १९८४ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अंतुल्यांवरचा भ्रष्टाचाराचा खटला उच्च न्यायालयात रोजच्या रोज चालवा. १९८८ ला त्याच न्यायालयाने स्वतःचाच आदेश फिरवला. मोठा माणूस होता म्हणून सात न्यायाधीश बसले. सामान्य आरोपीसाठी कोण बसतं? याला तुम्ही वारसा म्हणता?

काळा_कोट

प्रश्न रास्त आहे, नीट उत्तर देतो. जरा लांबेल.

भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार केली होती. भ्रष्टाचाराच्या खटल्यासाठी लोकसेवकाविरुद्ध मंजुरी लागते. राज्यपालांनी जुलै १९८२ मध्ये काही मुद्द्यांपुरती मंजुरी दिली. खटला विशेष न्यायाधीशांपुढे आला. बचाव असा की अंतुले आता मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार लोकसेवक आहे, आणि आमदार म्हणून मंजुरी घेतलेली नाही. १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी हे मानलं आणि त्यांना सोडलं. नायक वर गेले, राम जेठमलानी त्यांचे वकील. १६ फेब्रुवारी १९८४ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की भारतीय दंड संहितेच्या कलम २१ खाली आमदार लोकसेवक नाही. शिवाय ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटल्यावर मंजुरीची ढाल उरत नाही. इथवर निकाल पक्का होता. पण पुढे न्यायालयाने आपणहून आणखी एक आदेश दिला : खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयात चालवा.

गोम तिथेच आहे. १९५२ च्या कायद्यानुसार असे खटले फक्त विशेष न्यायाधीशाने चालवायचे. थेट उच्च न्यायालयात चालवला की उच्च न्यायालयाकडे अपील करण्याची आरोपीची एक पायरीच जाते. बाकी सगळ्यांना ती आहे, या एकाला नाही. २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायाधीशांनी बहुमताने म्हटलं, ही आमची चूक होती. न्यायालयाच्या चुकीची झळ पक्षकाराला लागता कामा नये. अंतुले त्यामुळे निर्दोष ठरले नाहीत, फक्त खटला कायद्याने ठरवलेल्या जागी परत गेला.

खडा_सवाल, तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. सात न्यायाधीशांपर्यंत पोचायला पैसा लागतो, वेळ लागतो, मोठे वकील लागतात. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'आम्ही चुकलो' असं लिहून ठेवणं, हे पुढे कुठलाही वकील कुठल्याही अशिलासाठी वापरू शकतो. मी स्वतः वापरलं आहे, एका सालगड्यासाठी.

टेकाड

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आमदार लोकसेवक नाही हे उत्तर आता परीक्षेत जसंच्या तसं लिहू नये. १९८८ ला भ्रष्टाचार प्रतिबंधाचा नवा कायदा आला, त्यात लोकसेवकाची व्याख्या रुंद झाली. १९९८ च्या नरसिंह राव खटल्यात खासदार-आमदार त्यात येतात असं ठरलं.

सावित्रीकाठ

टेकाड, धन्यवाद. दर वर्षी पाच-सहा मुलं तिथे गुण घालवतात.

जालनेकर

राजीनाम्यानंतर ते राजकारणातून गेले का? मला पुढचं फारसं आठवत नाही.

सावित्रीकाठ

नाही गेले. मुख्यमंत्रिपदी त्यांच्यानंतर बाबासाहेब भोसले आले, तेही बॅरिस्टर. अंतुले कुलाब्यातून १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ ला लोकसभेवर निवडून आले. नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री होते. २००६ ला अल्पसंख्याक मंत्रालय नवं निघालं, त्याचे पहिले मंत्री हेच. डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी शंका घेणारं विधान केलं आणि गदारोळ झाला. त्या दिवसांत ते विधान करायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. २००९ ला अनंत गीते यांच्याकडून हरले. २ डिसेंबर २०१४ ला मुंबईत गेले.

बातमी आली तेव्हा माझे वडील अंथरुणावर होते. त्यांना सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्याने नुसती वकिली केली असती ना, तर फार मोठा झाला असता." थोड्या वेळाने म्हणाले, "पण मग पूल नसता झाला."

मिठागर

तुमच्या वडिलांना भेटायला आवडलं असतं. त्यांचं आणि माझ्या वडिलांचं जमलं असतं, दोघेही शेकापवाले.

चौथी_तारीख

पाचव्या निकालाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी तालुक्याच्या फौजदारी कोर्टात वकिली करतो, मोठे खटले माझ्याकडे येत नाहीत.

१० डिसेंबर १९९१, 'अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध आर. एस. नायक'. पाच न्यायाधीश. खटला वेगाने चालणं हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर. आरोपीने तशी मागणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. ठरावीक वर्षांची मर्यादा न्यायालयाने घातली नाही. उशीर कुणामुळे झाला, गुन्हा कसला, आरोपीवर काय परिणाम झाला, हे सगळं पाहून ठरवा म्हणाले.

माझ्याकडे एक अशील होता, पारधी समाजाचा. सायकल चोरल्याचा आरोप. अकरा वर्षं तारखा. साक्षीदार कधी हजर नाही, पंच मेलेला, मुद्देमालातली सायकल गंजून गेलेली. आरोप झाला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, मी केस घेतली तेव्हा त्याची पोर शाळेत जात होती. दर तारखेला मजुरी बुडवून यायचा आणि व्हरांड्यात उकिडवा बसायचा. मी हा निकाल पुढे ठेवला, त्यातले परिच्छेद न्यायाधीशांना वाचून दाखवले. खटला बंद झाला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "सायेब, तुम्ही वाचलं ते कुणाचं होतं?" मी म्हटलं, एका माजी मुख्यमंत्र्याच्या खटल्याचं. तो म्हणाला, "त्यालाबी तारखा होत्या?"